वाईट म्हणजे नेमकं कसं?

मैत्रिणींनो, मराठीत कुणाचं उणंदुणं काढायची वेळ आली की आपल्याला कधी शब्द कमी पडलेत का? मुळीच नाही! पैसा सुटत नसेल तर तो चिकट, फारच झालं तर कवडीचुंबक. पानावर बसल्यावर हात आवरत नसेल तर हावरट. दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय याची चौकशी करणारी भोचक, आणि कुणी विचारलेलं नसताना मध्येच तोंड घालणारा चोंबडा. मनातलं बाहेर येऊ न देणारा आतल्या गाठीचा, आणि चार वर्षांपूर्वीच्या मानपानाचा राग आजच्या लग्नात काढणारा डूख धरणारा. शिवाय या शब्दांची आपण कधी गल्लत करत नाही. आळशी आणि अंगचोर यांतला फरक शाळेत न गेलेल्या आजीलाही कळतो. आळशी माणूस काम करतच नाही. अंगचोर करतो, पण अंग राखून करतो.

हीच जीभ इंग्रजीकडे वळली की पार लुळी पडते. मग शेजारीण 'बॅड', मुलगा 'बॅड', नवऱ्याची सवय 'बॅड' आणि घरमालकाचा स्वभाव 'व्हेरी बॅड'. संपलं!

गेली चार वर्षं दर बुधवारी दुपारी आमच्या गावातल्या महिला मंडळाच्या खोलीत आम्ही इंग्रजी बोलायचा वर्ग घेतो. मी काही इंग्रजीची प्राध्यापक नाही. बी.ए. केलं ते मराठी घेऊन. आमच्या वेळी मराठी शाळेत एबीसीडीच मुळी पाचवीत भेटायची. 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, त्यामुळे वर्गातल्या तरुण मुलींचं स्पेलिंग माझ्यापेक्षा पक्कं आहे. बोलायची वेळ आली की मात्र सगळ्या सारख्याच! कुणाला नातवंडांशी बोलायचंय, कुणाला मुलाच्या शाळेची डायरी वाचायचीय, कुणाची मुलगी परदेशात आहे. एकदा गृहपाठ दिला होता, घरातल्या एका माणसाची एक वाईट सवय पाच वाक्यांत लिहा. चौदा वह्या आल्या आणि चौदाही वह्यांत 'बॅड'. चांगल्या सवयीवर लिहायला सांगितलं असतं तर 'गुड' आलं असतं, ते सोडा. पण वाईटाबद्दल बोलताना नेमकं बोलता आलं नाही की त्याचे परिणाम माणसांना भोगावे लागतात, हे मी समाजकार्यात इतक्यांदा पाहिलंय की त्या दिवसापासून आम्ही विशेषणांचाच ध्यास घेतला.

पद्धत अगदी साधी ठेवली. आधी डिक्शनरी उघडायची नाही. आधी मनात आलेला मराठी शब्द फळ्यावर लिहायचा, तो तुम्ही कुणाला लावाल आणि कुणाला लावणार नाही ते सांगायचं, आणि मग त्याचा इंग्रजी भाऊबंद शोधायचा. मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं नेमकं हेच केलं होतं. त्याचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला आणि 1857 साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली. आपल्या एकेका शब्दाचा अर्थ पकडायला तो कधी कधी इंग्रजीच्या चार-चार ओळी खर्ची घालतो. त्या बिचाऱ्यालाही एका शब्दाला एक शब्द मिळत नव्हता, मग आपण कशाला लाजायचं?

सुरुवात पैशापासून केली, कारण त्यावर बोलायला सगळ्याच उत्सुक! 'मायझर' शब्द बहुतेकींना येत होता. पण ते नाम आहे, म्हणजे कंजूष माणूस. स्वभाव सांगायचा तर 'स्टिंजी' म्हणावं. आणि जो गरजेपुरताच खर्च करतो, वाया घालवत नाही, तो 'थ्रिफ्टी' किंवा 'फ्रुगल'. हे दोन्ही कौतुकाचे शब्द आहेत. आमच्या वर्गातल्या एक काकू गृहपाठात नवऱ्याला 'बॅड' लिहून बसल्या होत्या, कारण ते लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर हिशेब लिहितात. दोन्ही शब्दांचा अर्थ कळल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही हो ताई, मुलींच्या शिक्षणाला त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. आमचे हे थ्रिफ्टीच!" आणि वहीत 'बॅड' खोडून तो शब्द लिहिला. पस्तीस वर्षांच्या संसारात काकांना मिळालेलं पहिलं प्रशस्तिपत्र असावं ते.

इथे एक गंमत सांगते. ब्रिटनमध्ये कंजूष माणसाला 'मीन'ही म्हणतात. पण अमेरिकेत 'मीन' म्हणजे दुष्टपणे वागणारा. तेव्हा लेक अमेरिकेत असेल आणि तिच्या शेजारणीला जावयाबद्दल सांगायचं असेल तर शब्द जपून वापरा, नाहीतर दहा डॉलर वाचवणारा जावई तिकडे राक्षस ठरायचा. असाच दुसरा घात 'होमली' करतो. आपल्याकडच्या लग्नाच्या जाहिरातींत 'होमली गर्ल' म्हणजे घरात रमणारी, माणसांना धरून राहणारी मुलगी. अमेरिकन इंग्रजीत माणसाबद्दल 'होमली' म्हटलं तर दिसायला बेताची! तिकडच्या स्थळाला मुलीची माहिती इंग्रजीत पाठवणाऱ्या आयांनी हे लक्षात ठेवावं.

'सेन्सिबल' आणि 'सेन्सिटिव्ह' या जोडीनं तर वर्गात धमाल उडवली. सासूबाई जरा काही बोललं की मनाला लावून घेतात, असं एकीला म्हणायचं होतं. तिनं लिहिलं, 'माय मदर इन लॉ इज व्हेरी सेन्सिबल.' म्हणजे फारच समंजस! (वही सासूबाईंच्या हाती लागली असती तर घरात महिनाभर आनंदीआनंद.) तिच्या मनातला शब्द होता 'सेन्सिटिव्ह', आणि त्याहून नेमका म्हणजे 'टची'. शेपटीचा घोटाळाही आमच्याकडे नेहमीचा. मला कंटाळा आला असेल तर 'आय अॅम बोअर्ड'. 'आय अॅम बोअरिंग' म्हटलं तर मीच कंटाळवाणी ठरते. 'इरिटेटेड' म्हणजे वैतागलेली, 'इरिटेटिंग' म्हणजे वैताग आणणारी. एवढ्याशा शेपटीनं दोषाचा धनी बदलतो.

हट्टीपणाची पायरी-पायरी लावायला दोन बुधवार गेले. एखादा ठरवलेलं सोडत नाही आणि ते आपल्याला पटतं, तेव्हा तो 'डिटरमिन्ड'. न पटणाऱ्या गोष्टीला तो चिकटून राहिला की 'स्टबर्न'. कुणाचंच न ऐकता आपल्याच मनानं धावत सुटला तर 'हेडस्ट्राँग'. स्पष्ट बोलणारी 'फ्रँक', समोरच्याला लागेल याचा विचार न करता बोलणारी 'ब्लंट', मुद्दाम लागावं म्हणून बोलणारी 'रूड'. बोलणं तेच असू शकतं, त्यामागचा हेतू वेगळा. आणि हेतू ठरवण्याआधी माणूस नीट बघावा लागतो. शब्द शोधता शोधता बायका आपापल्या घरातल्या माणसांकडे नव्यानं बघायला लागल्या, हे मला व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं.

काही शब्द बायकांच्याच वाट्याला का येतात, हाही विषय ओघानं निघालाच. वर्गात पुढाकार घेणारी मुलगी 'बॉसी', तोच पुढाकार मुलानं घेतला की तो 'लीडर'. 2014 साली अमेरिकेत या 'बॉसी' शब्दाविरुद्ध 'बॅन बॉसी' नावाची मोहीमच निघाली होती. पुन्हा पुन्हा सांगणारी बायको 'नॅगिंग'. पण आपणही कमी नाही हं! 'कजाग' हा शब्द तुम्ही कधी पुरुषासाठी ऐकलाय? इंग्रजीत तिला 'श्रू' म्हणतात. शेक्सपिअरनं तिला वठणीवर आणायचं अख्खं नाटक लिहिलं आणि वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी ते 'त्राटिका' नावानं मराठीत आणलं. कजाग बाईच्या कजाग नवऱ्यासाठी शब्द शोधा म्हटलं, तर फळा कोराच राहिला.

आता जरा गंभीर गोष्ट. पुढचे दोन्ही प्रसंग त्या त्या मैत्रिणीला विचारून लिहितेय, आणि ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.

एका मैत्रिणीचा मुलगा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चौथीला. डायरीत बाईंचा शेरा आला, 'इनअटेन्टिव्ह इन क्लास'. घरात इंग्रजी कुणालाच फारसं येत नाही. पण लाल शाई दिसली म्हणजे तक्रार, आणि तक्रार म्हणजे मस्ती, असा हिशेब करून वडिलांनी त्याला बदडला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच शेरा, पुन्हा मार. तिसऱ्यांदा आला तेव्हा ती डायरी पदराआड घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, इनअटेन्टिव्ह म्हणजे किती वाईट?"

किती वाईट! आम्ही दोघी बसलो आणि शब्द मांडले. खोड्या काढतो तो 'मिस्चिव्हस'. सांगितलेलं ऐकत नाही तो 'डिसओबीडिअंट'. स्वतः बसत नाही आणि दुसऱ्यांनाही शिकू देत नाही तो 'डिसरप्टिव्ह'. एका जागी टिकत नाही तो 'रेस्टलेस'. आणि 'इनअटेन्टिव्ह' म्हणजे फक्त एवढंच की त्याचं लक्ष नसतं. मस्तीचा त्यात काही संबंध नाही. मग ते लक्ष नसतं कधी? कुठल्या तासाला? दोन साध्या वाक्यांची चिठ्ठी तिनं स्वतःच्या हातानं इंग्रजीत लिहून डायरीत ठेवली. बाईंचं उत्तर आलं की तो अगदी शांत असतो, त्रास काहीच नाही, पण फळ्यावरचं उतरवून घेत नाही. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. डोळे तपासले तर चांगला मोठा नंबर निघाला. पोराला फळाच दिसत नव्हता. शेरा लिहिणाऱ्या बाईंनी डोळ्यांबद्दल एक ओळ जास्त लिहिली असती तर बरं झालं असतं, हे खरंच. पण त्यांचा शब्द चुकीचा नव्हता. घरी पोचेपर्यंत त्याचा 'बॅड' झाला होता.

या प्रसंगानंतर आम्ही वर्गात आणखी एक भेद घट्ट धरला. 'यू आर रूड' आणि 'यू आर बीइंग रूड'. पहिलं म्हणजे तू उद्धट आहेस, तुझा स्वभावच तसा. दुसरं म्हणजे आत्ता, या घडीला तू उद्धटपणे वागतोयस. मराठीतही हे आहेच की! 'तू उद्धट आहेस' आणि 'तू उद्धटपणा करतोयस'. पण आपल्या तोंडात पहिलंच येतं. वेंधळा आहेस, कामचुकार आहेस, खोटारडी आहेस. आहेस, आहेस, आहेस! पोरांच्या कपाळावर शिक्के मारत सुटतो आपण. 'बीइंग' शिकल्यावर एका आजींनी नातवाला रागवायचं वाक्य बदललं आणि तो चक्क विचारायला लागला, "आजी, मग आता मी परत चांगला झालो का?"

सवयीबद्दल तक्रार करायला तर इंग्रजीनं वेगळं व्याकरणच ठेवलंय. एखादी गोष्ट रोज घडते एवढंच सांगायचं तर 'ही लूझेस हिज कीज'. पण तिचा वैताग आलाय हे सांगायचं असेल तर 'ऑलवेज' घालून चालू वर्तमानकाळ वापरतात. 'ही इज ऑलवेज लूझिंग हिज कीज.' म्हणजे जेव्हा बघावं तेव्हा हा किल्ल्या हरवतो! 'जेव्हा बघावं तेव्हा' हे त्या वाक्यात लिहिलेलं नसतं, पण ऐकू येतं. हा धडा बायकांना इतका आवडला की वर्ग तासभर तक्रारींनी दुमदुमत होता. ही इज ऑलवेज वॉचिंग क्रिकेट. शी इज ऑलवेज कंपेअरिंग मी विथ माय जाऊ. (जाऊबाईंना इंग्रजीत शब्द नाही. 'सिस्टर इन लॉ' म्हटलं तर नणंदही तीच, वहिनीही तीच. त्यात काय मजा?)

त्याच तासाला एका नव्यानं लग्न झालेल्या मुलीनं जरा लाजत सांगितलं, "माय हजबंड इज व्हेरी पझेसिव्ह." सगळ्या गालात हसल्या. सिनेमा आणि मालिकांनी या शब्दाला गुलाबी रंग दिलाय ना! पझेसिव्ह म्हणजे जीव लावणारा, दुसऱ्या कुणाशी बोललेलं न खपणारा. मी फळ्यावर 'पझेस' लिहिलं आणि विचारलं, फ्लॅटचं पझेशन मिळालं असं आपण म्हणतो तेव्हा काय मिळतं? ताबा! मालकी! तोच हा शब्द. मग त्याच्या शेजारी 'केअरिंग' लिहिलं, 'जेलस' लिहिलं, 'सस्पिशिअस' म्हणजे संशयी लिहिलं आणि शेवटी 'कंट्रोलिंग'. कुठे जायचं, कुणाशी बोलायचं, पैसे किती ठेवायचे, हे सगळं दुसऱ्यानं ठरवायचं म्हणजे 'कंट्रोलिंग'. नवी नवरी म्हणाली, "नाही बाई, आमचा नुसताच जेलस आहे!" पुन्हा हशा पिकला आणि वर्ग संपला.

मागच्या रांगेत बसणारी एक मैत्रीण मात्र हसली नव्हती. अबोलच ती. चाळिशीच्या आसपासची, दोन मुलं, घरचं सगळं बरं. पुढच्या बुधवारी सगळ्या गेल्यावर तिनं वही माझ्यासमोर उघडली. पानभर वाक्यं होती आणि सगळी 'ऑलवेज'ची. ही इज ऑलवेज चेकिंग माय फोन. ही इज ऑलवेज काउंटिंग माय मनी. ही इज ऑलवेज आस्किंग व्हाय आय वेंट टू माय मदर. मी तिला विचारलं, हे मराठीत कधी कुणाला सांगितलंस का? तर म्हणाली, "मराठीत तोंडातून निघत नाही ताई. मराठीत म्हटलं की ते खरं होतं."

मग तिनंच विचारलं, "कांगावखोरला इंग्रजीत काय म्हणतात?"

मी वीरकरांची डिक्शनरी काढली, मोबाईलवर शोधलं, दोघी अर्धा तास बसलो. 'लायर' म्हणजे खोटारडा, पण कांगावखोर नुसता खोटारडा नसतो. 'हिपोक्रिट' म्हणजे ढोंगी, तेही पुरेसं नाही. स्वतः मारायचं आणि स्वतःच आरडाओरडा करून गाव गोळा करायचं, यात जे काय आहे ते एका इंग्रजी शब्दात मावेना. शेवटी मी म्हटलं, विशेषण राहू दे, तो काय करतो तेवढंच लिही. तिनं पेन घेतलं आणि लिहिलं, 'ही हिट्स मी. देन ही टेल्स एव्हरीवन दॅट आय हिट हिम.'

मारण्याचा उल्लेख तिनं पहिल्यांदा केला तो असा. एका शब्दाचं भाषांतर अडलं म्हणून.

मैत्रिणींनो, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा 2005 साली झाला आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून तो लागू आहे, हे बऱ्याच जणींना ऐकून माहीत असतं. पण त्यात हिंसाचार म्हणजे नुसती मारहाण नाही, हे फार थोड्या जणींना ठाऊक असतं. शारीरिक आणि लैंगिक छळाबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही त्यात धरलेला आहे. मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही म्हणून टोमणे मारणं, चारित्र्यावर शिंतोडे उडवणं, घराबाहेर पडू न देणं, अमुक माणसाला भेटू न देणं, घरखर्चाला पैसे न देणं, नोकरी करू न देणं, पगार काढून घेणं, हे सगळं त्यात येतं. तक्रार आपल्या भाषेत, तोंडी सांगितली तरी संरक्षण अधिकारी ती लिहून घेतात. त्या असतात महिला व बालविकास विभागाच्या. मोफत वकील मिळण्याचाही बाईला हक्क आहे.

महिनाभरानं ती तयार झाली. मी सोबत गेले, पण बोलले नाही. संरक्षण अधिकारी बाईंनी कौटुंबिक घटना अहवालाचा नमुना पुढ्यात घेतला. त्यात रकाने असतात, घटना कधी घडली, कुठे घडली, कुणी केलं, काय केलं. माणसाचा स्वभाव कसा आहे, असा रकाना त्यात नाही. बाईंनी विचारलं, "काय त्रास आहे?" तिनं पर्समधून बुधवारची वही काढली आणि 'ऑलवेज'च्या एकेका वाक्यापुढे बोट ठेवून तारीख आठवत, हळूहळू, मराठीत सांगायला लागली.